नाकातील औषधे आणि सूक्ष्मदर्शक यंत्र

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात मी व्याख्यान द्यावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा कापसाविषयी अथवा मागाच्या इतिहासाविषयी मी काही सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला, ‘नाकात घालावयाची औषधे’. माझ्या हस्ताक्षरात काही घोटाळा झाला असेल असे वाटून त्यांनी दोन वेळा निरोप पाठवून खात्री करून घेतली. घोटाळा झाला होता हे खरे. पण तो हस्ताक्षरात नव्हे. तो काय होता, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नव्हे, औषधशास्त्रज्ञही नव्हे. एकतीस वर्षे मी सूतगिरणीच्या परीक्षण विभागात काढली. कॉस्टिक सोड्याच्या १८ टक्के द्रावणात कापसाचे तंतू फुगवावयाचे आणि परिपक्व किती, अपक्व किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाचे, हा माझा व्यवसाय. निवृत्तीनंतर एक जुने परंतु चांगले यंत्र मी स्वतःच्या पैशाने विकत घेतले. आपल्या समाजातील मुले मला ‘भिंगवाले आजोबा’ म्हणतात, आणि ते ऐकून मला बरे वाटते. या बरे वाटण्यातच पुढील सर्व अनर्थाचे मूळ आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. माझ्या पुतण्याची पत्नी सकाळीच आमच्या घरी आली. तिच्या पदरात दोन बाटल्या बांधलेल्या होत्या. तिचा मुलगा, म्हणजे माझा नातूच, तेव्हा चौदा वर्षांचा होता. वर्षभर त्याला शिंका, नाक चोंदणे, रात्री तोंडाने श्वास घेणे, असा त्रास असे. एका बाटलीत सर्दीवरचे थेंब होते. हे थेंब औषधाच्या दुकानात मागितले की चिठ्ठीवाचून मिळतात. दुसरी बाटली दाबून फवारा मारावयाची होती आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली होती. सूनबाईंनी मोबाईलवर एक चित्रफीत मला दाखविली. तीत कोणी एक गृहस्थ नाकातल्या फवाऱ्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून निळे-तांबडे धागे आणि हलणारे ठिपके दाखवीत होता, आणि हे जिवंत आहे, हे मुद्दाम घातलेले आहे, असे भयभीत स्वरात सांगत होता.

“काका, तुम्ही सांगाल ते आम्ही मानू. एवढं पाहून द्या,” सूनबाई म्हणाल्या.

मी पाहिले. पहिल्या बाटलीतील थेंब काचपट्टीवर ठेवला, वर पातळ काच ठेवली, चारशे पटीने मोठे करून पाहिले. काही नाही. स्वच्छ प्रकाश आणि एखाददुसरा हवेचा बुडबुडा. दुसऱ्या बाटलीतील थेंब ठेवला आणि मी स्वतः चमकलो. सारे क्षेत्र भरून गेले होते. ओबडधोबड काड्या, तुकडे, त्यांच्यामध्ये असंख्य बारीक कण, आणि त्यांतले जे अगदी बारीक, ते एकसारखे थरथरत होते. एका कोपऱ्यात एक निळा धागा पिळा सोडीत वळत होता.

मी डोळा वर उचलून जे दोन वाक्ये बोललो ती मला अजून शब्दशः आठवतात. “ही बाटली अगदी स्वच्छ आहे. हिच्यात मात्र काहीतरी आहे.”

यात एकही अक्षर असत्य नव्हते. त्या मुलाचे पुढचे चार महिने मात्र या दोन वाक्यांनी खराब केले.

सूनबाईंनी घरी जाऊन फवाऱ्याची बाटली केराच्या टोपलीत टाकली. थेंबांची बाटली ठेवली. ती ‘भिंगवाल्या काकांनी’ पारखलेली होती ना! सुरुवातीस थेंब दिवसातून दोनदा घालीत. नाक पाच मिनिटांत मोकळे होई, घरात समाधान नांदे. दिवाळीपर्यंत ते चारदा झाले. मार्गशीर्षात मुलगा बाटली उशाखाली घेऊन झोपू लागला, रात्री दोनदा-तीनदा उठून थेंब घालू लागला, आणि दप्तरातही एक बाटली ठेवू लागला. सहामाही परीक्षेत तो एका विषयात उत्तीर्ण झाला नाही. रात्रीची झोपच नव्हती तर दुसरे काय होणार? शेवटी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. मीही बरोबर गेलो होतो. तज्ज्ञांनी नाकात दिवा धरून पाहिले आणि आतले अस्तर तांबडेलाल सुजलेले आहे असे सांगून विचारले, “याला फवारा दिलेला होता, तो कोणी बंद केला?”

सूनबाई सुसंस्कृत घरच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मीच सांगितले, “मी.”

घरी आल्यावर मी यंत्र पुन्हा पुसून घेतले आणि जे श्रावणात करावयास हवे होते ते पौषात केले. सर्वप्रथम खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद वाचला. एकतीस वर्षे गिरणीत कोणताही नमुना त्याची चिठ्ठी वाचल्याशिवाय मी काचपट्टीवर घेतला नव्हता. घरच्या मुलाच्या औषधाला मात्र तो नियम मी लावला नाही.

आता त्या फवाऱ्याच्या थेंबात काय होते ते सांगतो. त्या औषधाचे नाव फ्लुटिकासोन. अमेरिकेत २०१४ साली त्याच्या एका फवाऱ्यास चिठ्ठीवाचून विकण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीने घ्यावयाचे औषध आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण करून ते पाण्यात तरंगत ठेवतात. नुसते तरंगत ठेवले तर ते तळाशी बसतील. म्हणून पाण्याला दाटपणा आणण्यासाठी सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज घालतात. मला दिसलेल्या ओबडधोबड काड्या त्या सेल्युलोजच्या होत्या. खात्री करण्यासाठी मी दोन ध्रुवक काचा एकमेकींशी काटकोनात लावून पाहिले. पार्श्वभूमी काळी झाली आणि त्या काड्या चांदण्यांसारख्या उजळल्या. कापूस या काचांखाली असाच उजळतो हे मी हजारो वेळा पाहिले आहे, कारण कापूस म्हणजे सेल्युलोजच.

येथे आपल्या समाजाला गंमत वाटेल अशी एक हकीकत सांगावीशी वाटते. हे सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज प्रथम कोठे तयार झाले? औषधाच्या कारखान्यात नव्हे. अमेरिकेतील अमेरिकन व्हिस्कोस या कृत्रिम रेशीम काढणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५५ साली बॅटिस्टा आणि स्मिथ या दोघांना ते गवसले. कृत्रिम रेशमाचा धागा बळकट कसा होईल याचा तेथे शोध चालू होता. आम्लाने सेल्युलोजचा कच्चा भाग विरघळवून टाकला, उरलेले स्फटिकी कण पाण्यात घुसळले, तर तळाशी गाळ बसण्याऐवजी पांढरी दाट साय तयार झाली. आज गोळ्यांपासून खाद्यपदार्थांपर्यंत ते पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. अर्थात ज्याला मी ‘काहीतरी’ म्हणालो ते आमच्याच धंद्याच्या चुलतघराण्यातले निघाले, आणि मी ते ओळखले नाही.

त्या दाटपणाचा एक गुण असा की, हलविले की तो पातळ होतो आणि स्वस्थ ठेवले की पुन्हा दाटतो. ‘बाटली हलवून वापरावी’ असे कागदावर लिहितात ते यासाठी. हलविल्यावर कण सर्वत्र सारखे पसरतात, दाबले की पातळ फवारा उडतो, आणि नाकाच्या आत जाऊन बसल्यावर तो पुन्हा दाट होत असल्यामुळे लगेच ओघळत नाही. न हलविता मारलेल्या फवाऱ्यात औषध कधी कमी, कधी अधिक जाते. आपल्यापैकी किती जण हलवून घेतात हे मी विचारीत नाही.

थरथरणाऱ्या कणांविषयी. पाण्यातला सूक्ष्म कण हलताना दिसला की तो जिवंत आहे असे पाहणाऱ्यास वाटते, आणि हा भ्रम फार जुना व फार मोठ्या माणसांना झालेला आहे. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यात ठेवलेल्या परागातून बाहेर पडलेले बारीक कण असे थरथरताना पाहिले. ही जीवशक्ती असावी असे प्रथम त्यालाही वाटले. पण तो तेथे थांबला नाही. त्याने काच कुटून पाहिली, दगड कुटून पाहिले, ईजिप्तमधल्या स्फिंक्सच्या पाषाणाचा कपचाही पाहिला. सारे थरथरत होते. हजारो वर्षे निर्जीव असलेला पाषाण जर थरथरतो, तर ती थरथर जीवाची नव्हे. पाण्याचे रेणू कणावर सर्व बाजूंनी आदळतात व त्या धक्क्यांनी तो हलतो, याचे गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. पेरँने ते प्रयोगाने पडताळले, आणि पुढे १९२६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या काचपट्टीवर चालले होते ते हेच. ब्राऊनसारखा स्फिंक्सचा कपचा मिळविणे मला शक्य नव्हते. मी पाटीवरची पेन्सिल उगाळून पाण्यात घातली. तीही थरथरली.

राहिला निळा धागा. यात तर माझी क्षमाच नाही. कापसाचा तंतू बोंडात असताना पोकळ नळीसारखा असतो. बोंड उकलून वाळला की तो चपटा होतो आणि फितीसारखा पिळा घेतो. रुंदी साधारण पंधरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची पंधरापट. पाणी लागले की तो फुगतो व पिळा सोडतो, म्हणून वळवळतो. पॉलिएस्टरचा तंतू याउलट काचेच्या दांड्यासारखा गुळगुळीत, आणि चकाकी मारण्यासाठी त्यात घातलेल्या पांढऱ्या भुकटीचे बारीक काळे ठिपके त्यात दिसतात. चित्रफितीतील ‘निळा किडा’ हा रंगविलेल्या कापसाचा तंतू होता, आणि माझ्या काचपट्टीवरचाही तसाच. तो बाटलीतून आला की घरच्या हवेतून? यासाठी मी ऊर्ध्वपातित पाण्याचे दहा थेंब दहा काचपट्ट्यांवर उघड्यावर ठेवले आणि पाव तासाने पाहिले. सहांवर तंतू मिळाले. तीन निळे, एक तांबडा, दोन पांढरे. ज्या घरात कपडे आहेत त्या घरात तंतू आहेत. हा पाण्याचा थेंब मी श्रावणात शेजारी ठेवला असता तर माझे दुसरे वाक्य तोंडातून निघाले नसते.

आता पहिल्या बाटलीकडे वळू, कारण खरा विषय तो आहे.

‘अगदी स्वच्छ’ म्हणून मी जिला प्रशस्तिपत्र दिले, तिच्यात झायलोमेटाझोलीन नावाचे औषध एक दशांश टक्का होते. हे औषध पाण्यात पूर्ण विरघळते. विरघळते म्हणजे त्याचा एकेक रेणू सुटा होऊन पाण्यात मिसळतो. आपल्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन. रक्तातील तांबडी पेशी सात. जंतू एक ते दोन. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची दृष्टी मायक्रॉनच्या पाचव्या हिश्शापाशी संपते, मग यंत्र कितीही भारी असो. औषधाचा रेणू त्याहून सुमारे दोनशे पटीने लहान. तो मला दिसणे शक्यच नव्हते. त्या एका थेंबात सुमारे पन्नास मायक्रोग्रॅम औषध होते. दुसऱ्या बाटलीच्या एका फवाऱ्यातही औषध पन्नासच मायक्रोग्रॅम. वजन सारखे, एक कणरूपाने दिसत होते, दुसरे विरघळल्यामुळे दिसत नव्हते, एवढाच भेद. त्या भेदावरून मी एकीला निर्दोष ठरविले आणि दुसरीला संशयित.

या बाबतीत माझ्यापूर्वी साडेतीनशे वर्षे एक कापडवाला असाच फसला होता, हे वाचून मला थोडा धीर आला. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा अँटोनी फान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. कापड पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत, त्या व्यवसायातला हा माणूस. याने स्वतः भिंगे घासून असामान्य यंत्रे केली. मिरी जिभेला का झोंबते, हे त्याला पाहावयाचे होते. मिरीच्या कणांना बोचरी टोके असावीत अशी त्याची समजूत. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि १६७६ साली त्या पाण्यात पाहिले, तर टोके नाहीत. हिंडणारे असंख्य सूक्ष्म जीव! जंतूंच्या जगाचे दार त्याने उघडले, याबद्दल जग त्याचे ऋणी आहे. पण मिरी का झोंबते हे मात्र त्याला भिंगातून दिसले नाही, कारण तो तिखटपणा विरघळलेल्या रेणूंचा. त्याच्या चुकीतून विज्ञानाचा लाभ झाला. माझ्या चुकीतून एका मुलाची झोप गेली.

हे न दिसणारे औषध नाकात काय करते? नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सर्दीत त्या रक्ताने फुगतात आणि वाट बंद होते. हे थेंब त्या वाहिन्या आवळतात. काही मिनिटांत वाट मोकळी होते व अंमल कित्येक तास टिकतो. दोन-चार दिवसांच्या सर्दीत याचा उपयोग चांगला आहे. मी त्यास वाईट म्हणत नाही. परंतु रोजच्या वापराने वाहिन्यांचा प्रतिसाद मंदावतो, आणि अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक सुजते. मग पुन्हा थेंब. मूळची सर्दी केव्हाच गेलेली असते. आता नाक बंद होते ते थेंबांमुळे आणि उघडते तेही थेंबांमुळे. डॉक्टरांना हा विकार फार दिवसांपासून ठाऊक आहे. १९४६ साली त्याला स्वतंत्र नावही मिळाले. याच जातीच्या थेंबांवर ‘तीन दिवसांहून अधिक वापरू नये’ असा इशारा पुष्कळदा छापलेला असतो, फार तर पाच-सात दिवसांचा. तो इशारा किती बारीक अक्षरात असतो! वाचावयास मला भिंगच लागले. माझ्या भिंगाचा या साऱ्या प्रकरणात झालेला हा पहिला खरा उपयोग.

फवाऱ्याचे औषध याच्या उलट स्वभावाचे. ते लगेच काही करीत नाही. पूर्ण गुण यावयास कित्येक दिवस, कधी दोन आठवडे लागतात. ते अस्तराची सूज आणि प्रक्षोभ हळूहळू उतरविते, आणि थांबविले तर नाक असे उलटत नाही. त्याचेही दोष आहेत. कोणाच्या नाकातून रक्त येते, मुलांच्या वाढीवर डॉक्टरांनी लक्ष ठेवावे लागते. म्हणून तर ते चिठ्ठीने घ्यावयाचे. परंतु पाच मिनिटांत गुण देणारे ते चांगले आणि पंधरा दिवस थांबावयास लावणारे ते निकामी, अशी आपली घरोघरची समजूत आहे, आणि तिला मी ‘स्वच्छ’ या शब्दाची जोड दिली.

कोणी विचारील, निदान जंतू आहेत की नाहीत हे तरी तुमच्या यंत्रातून कळले असेल? मलाही तसा अभिमान होता. नंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. चारशे पटीने पाहताना माझ्या डोळ्यापुढे जे क्षेत्र येते त्याचा व्यास अर्धा मिलिमीटरही नाही, आणि काचेखालच्या पाण्याची जाडी धरा वीस मायक्रॉन. तेवढ्या जागेत मावणारे पाणी इतके थोडे की, एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू असले तरी तीन क्षेत्रे पाहावीत तेव्हा सरासरीने एक जंतू दिसेल. आणि दिसला तरी तो थरथरणाऱ्या धुळीच्या कणाहून निराळा ओळखणे कठीण. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत चिठ्ठीवाचून मिळणारा एक नाकाचा फवारा बाजारातून परत घ्यावा लागला, कारण त्यात स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जंतू सापडला. असे जंतू प्रयोगशाळेत पोषक द्रव्यावर वाढवून शोधावे लागतात. आमच्यासारख्या हौशी माणसाने टेबलावर बसून ‘शुद्ध आहे’ असे म्हणणे हे ‘अशुद्ध आहे’ म्हणण्याइतकेच पोकळ.

या ओघात भगिनींना एक विनंती करतो. आपल्या एकत्र कुटुंबांत नाकाच्या थेंबांची एकच बाटली सर्वांना पुरविण्याची पद्धत आहे. सासऱ्यांच्या नाकाला लागलेले टोक नातवाच्या नाकाला लागते, आणि बाटली संपेपर्यंत, मग ते वर्ष असो की दोन वर्षे, ती फळीवर राहते. काटकसर मलाही प्रिय आहे. ही काटकसर सोडावी.

मुलाचे पुढे काय झाले हे आपण विचाराल. तज्ज्ञांनी फवारा पुन्हा सुरू केला आणि थेंब प्रथम एका नाकपुडीत बंद करविले, मग दुसऱ्या. पहिला आठवडा फार कठीण गेला. एका रात्री तो उठून बसला आणि “आजोबा, एकच थेंब,” म्हणून माझ्यापाशी रडला. त्या आठवड्यात मी त्याच्याच खोलीत निजत होतो. मी त्याला थेंब दिला नाही. खिडकी उघडून आम्ही दोघे पहाटेपर्यंत बसलो. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तो सकाळी सात वाजेपर्यंत झोपला, आणि सूनबाईंनी मला हाक मारून, तोंडावर बोट ठेवून, दारातून दाखविले. तोंड मिटलेले होते. श्वास नाकाने चालला होता.

सूनबाई त्यानंतरही माझ्याकडे वस्तू पारखावयास आणतात. मी आता आधी कागद मागतो आणि शेजारी पाण्याचा थेंब ठेवतो.

पलीकडच्या दालनात तीन यंत्रे मांडली आहेत. पहिल्याखाली थेंब आहे, दुसऱ्याखाली फवारा आहे, तिसऱ्याखाली नुसते पाणी आहे. शिवाय एका काचपट्टीवर नाकात घालावयाच्या मिठाच्या पाण्याचा थेंब वाळत ठेवला आहे. अर्ध्या तासात त्यात चौकोनी स्फटिक उमटू लागतील, ते मुलांनी अवश्य पाहावेत. यंत्रांवर चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत. कोणत्या यंत्राखाली काय आहे हे ओळखून वहीत लिहावे, आणि मग त्या मुलाला विचारावे. यंत्रांपाशी तोच उभा आहे. यंदा दहावीची परीक्षा दिलेला. गर्दी करू नये, आणि काचेला बोट लावू नये.